बारा बाय अठराची आई

बारा बाय अठरा इंचांची फ्रेम. पांढरी पार्श्वभूमी, मधोमध मोठ्ठं 'आई'. 'आ'चा काना खाली वळून पदर झालाय, 'ई'च्या पोटात एक बाळ झोपलंय, वरचा रफार कुंकवासारखा लाल. खाली बारीक अक्षरांत एक नाव आणि एक तारीख, म्हणजे ऑर्डरप्रमाणे बदलणारा भाग. मदर्स डे, वाढदिवस, साठीशांत, वर्षश्राद्ध, कशालाही ही फ्रेम चालते. तुमच्याही घरात असेल, नाहीतर इन्स्टावर तीनदा तरी समोरून गेली असेल. हिची भावंडंही आहेत. मिशीवाला 'बाबा', राखीच्या धाग्यात गुंफलेला 'दादा', पणतीच्या ज्योतीत उभं केलेलं 'शुभ दीपावली', घरातल्या सगळ्यांच्या नावांनी भरलेलं लाल बदाम.

गेल्या काही वर्षांत सातारा-सांगलीकडच्या घरांत या अक्षरचित्रांनी चांगलाच जम बसवलाय. वास्तुशांतीला भिंतीवरचं घड्याळ देण्याचा जमाना सरला, आता नावाची फ्रेम देतात. त्यामुळे ती गोड आहे, क्यूट आहे, एवढं म्हणून सोडून देता येणार नाही. आपण आपल्या माणसांना मान कसा देतो, हे तिच्यावरून कळतं. म्हणून तिच्याकडे एखादं पुस्तक वाचावं तसं बघायला हवं.

फ्रेम दिसायला बरी आहे. काढणाऱ्याचा हातही बरा आहे. माझा आक्षेप एवढाच की ती कुणाचीही आई आहे.

'आई' हा शब्द आधी हाक आहे आणि मग अक्षर. हाक म्हटली की प्रत्येक घराची वेगळी. कराड, विटा, तासगाव, वाळवा या पट्ट्यात एकत्र कुटुंबात वाढलेली कितीतरी पोरं सख्ख्या आईला 'वैनी' म्हणतात, कारण धाकटे दीर तिला तसं म्हणायचे आणि पोरांनी तेच उचललं. वडिलांना 'दादा' म्हणतात, कारण आत्या त्यांना दादा म्हणायच्या. कुणाचे वडील आप्पा, कुणाचे तात्या, कुणाचे नुसतेच 'आवं' अशा हाकेत मावलेले. आजी म्हणजे आक्का, बाई, नानी, नाहीतर 'थोरली आय'. कॅटलॉगमध्ये मात्र 'आई' आणि 'बाबा'. मग आप्पांच्या पोरानं काय करायचं? तो 'बाबा'ची फ्रेम घेतो. ज्या माणसाला जन्मात कधी बाबा म्हटलं नाही, त्याला भिंतीवर बाबा म्हणतो.

हे किरकोळ वाटत असेल, तर या दोन जिल्ह्यांचं राजकारण आठवा. क्रांतिसिंह नाना पाटील. वसंतदादा. राजारामबापू. नागनाथअण्णा. जी. डी. बापू. आर. आर. आबा. इथं माणूस मोठा झाला की त्याला पदवी मिळत नाही, नातं मिळतं. १९४३ च्या सुमारास इंग्रजांच्या नाकावर टिच्चून इथं समांतर सरकार चाललं, त्याचा म्होरक्या लोकांच्या तोंडी 'नाना' होता. नात्याच्या एका शब्दात इतकं वजन भरणाऱ्या मुलखात 'बाबा'चा तयार साचा आणून लावणं म्हणजे घरच्या चुलीवर पाकिटातली आमटी उकळणं.

मग आपल्याकडे माणसाच्या नावाची अक्षरं काढून भेट द्यायची रीत नव्हतीच का? होती. अजून आहे. स्वयंपाकघरात जा, मांडणीवरचा सगळ्यात जुना स्टीलचा डबा किंवा पितळी तांब्या उचला आणि उजेडात तिरका धरा. काठाखाली टिंबाटिंबांची एक ओळ दिसेल. 'चि. सौ. कां.'नं सुरू होणारं एक नाव, 'हिस मामाकडून सप्रेम भेट', पुढं तारीख. नाहीतर 'कै.' आणि एक नाव, 'यांच्या स्मरणार्थ'. भांड्यांच्या दुकानात काउंटरच्या कोपऱ्यात एकजण बसलेला असायचा. पूर्वी त्याच्या हातात छिन्नी आणि हातोडी, नंतर घर्रर वाजणारं विजेचं मशीन. खरेदी झाली की तो विचारायचा, "नाव काय घालायचं?" आणि तुमच्याकडे न बघताच लिहायला लागायचा.

अक्षरकलेच्या पुस्तकांत मला ही अक्षरं कधी भेटली नाहीत, पण मला ती फार महत्त्वाची वाटतात. एक तर डब्याच्या गोलाईवर शिरोरेघ सरळ राहूच शकत नाही. मग कोरणारा ती तोडतो, प्रत्येक अक्षराला आपली छोटी टोपी देतो आणि नाव वळणावरून सांभाळून नेतो. जागा संपत आली की आडनाव आखडतं, तारखेतला '१९' गळून पडतो. अनुस्वार द्यायचा तर एक टिंब, आणि सगळं अक्षरच टिंबांचं, म्हणून तो अनुस्वाराच्या टिंबावर जरा जास्त दाब देतो. हातातल्या अडचणीतून घडलेली ही अक्षरं आहेत. त्यांना सुंदर दिसायचं नव्हतं. त्यांना ओळखू यायचं होतं, कारण लग्नाकार्यात भांडी भावकीत फिरायची आणि पंगती उठल्यावर कुणाचं पातेलं कुणाकडे गेलं हे त्या नावावरूनच ठरायचं.

स्मरणार्थ दिलेल्या भांड्याचं तर आणखीच वेगळं. गेलेल्या माणसाचं नाव तांब्यावर आहे, आणि त्या तांब्यातून तुम्ही रोज पाणी पिताय. अंगठा त्या अक्षरांवर टेकतोय. घासून घासून नाव पुसट होत जातं, आणि पुसट होण्याचंही कुणाला वाईट वाटत नाही, कारण भांडं वापरात आहे. हॉलमधली फ्रेम पहिले दोन महिने दिसते. मग ट्यूबलाइट आणि कॅलेंडरच्या मधली एक वस्तू होते. तिला हात लागतो तो दिवाळीच्या साफसफाईत.

आणि इथं सांगलीकरांना कॉलर ताठ करायला एक जागा आहे. मराठी मुलखात देवनागरी छपाईचे जे अगदी सुरुवातीचे प्रयत्न झाले, त्यांतला एक मिरजेत पूर्ण झाला. नाना फडणविसांनी पुण्यात एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून घ्यायला सुरुवात केली. १८०० मध्ये नाना गेले आणि काम अडलं. तो कारागीर मिरजेला आला, गंगाधरराव पटवर्धनांनी त्याला आसरा दिला, आणि १८०५ मध्ये गीता छापून झाली. विकायला नव्हे, दान द्यायला. अ. का. प्रियोळकरांनी छपाईच्या इतिहासात ही हकिगत नोंदवली आहे. मला त्यातलं तांबट हे नाव फार आवडतं. तांब्यावर अक्षर कोरणारा तोच हात. फक्त गीतेसाठी त्याला प्रत्येक अक्षर उलटं कोरावं लागलं असणार, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं उमटलं. म्हणजे छापून भेट द्यायची ही कल्पना आपल्याकडे ऑनलाइन दुकानांनी आणलेली नाही. दोनशे वर्षांपूर्वी मिरजेत ती होती, आणि भांडी घडवणाऱ्याच्या हातून आली होती.

मग मधल्या काळात अक्षरं कुणी सांभाळली? गावोगावच्या पेंटरांनी. दुकानाची पाटी, ट्रकचा मागचा फळा, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार, यात्रेच्या कुस्त्यांचा बोर्ड, आणि तिरडी उठायच्या आधी चौकातल्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं 'दुःखद निधन'. प्रत्येक गावाचा एक हात होता. जाणकाराला 'र'चं शेपूट बघून पेंटर कोण ते कळायचं. फ्लेक्स आला आणि तो हात रिकामा झाला. आता एसटी स्टँडसमोर वीस फुटी 'वाढदिवसाच्या अभीष्टचिंतनाचा' बोर्ड लागतो, सोनेरी कडा, अक्षराला मागून सावली, पुढून चमक, खाली शुभेच्छुक म्हणून सत्तावीस फोटो.

फ्लेक्सची टिंगल करणं सोपं आहे. सुशिक्षित माणसं तेवढंच करतात. पण एक गोष्ट फ्लेक्सवाल्याला कळलेली आहे आणि फ्रेमवाल्याला कळलेली नाही. फ्लेक्सवर आडनाव बारीक असतं आणि 'आबा', 'भैया', 'सरकार' ढोबळ असतं. हाक मोठी, नाव छोटं. अक्षराचा आकार कुणासाठी वाढवायचा, हे त्याला गावानं शिकवलंय. (गाडीच्या नंबरप्लेटवर चार-एक-चार-एक या आकड्यांना वळण देऊन 'दादा' करणाऱ्यालाही हेच कळलं होतं. कायद्यात ते बसत नाही ही गोष्ट वेगळी. पण आकड्यातून हाक काढण्याची कल्पना, मी तरी, कुठल्याही डिझाइन कॉलेजात बघितलेली नाही.) फ्लेक्सचा दोष दुसरा आहे. श्रद्धांजली असो की बारसं, अक्षर तेच, सोनं तेच. दुःखालाही बेव्हल आणि ड्रॉप शॅडो.

आता अक्षरगणेश. हा प्रकार मात्र सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कसबी. तुमचं नाव द्या, कलाकार त्या नावाच्या अक्षरांतून गणपती काढून देतो. पहिल्या अक्षराचा कान, वेलांटीची सोंड, उकाराचं पोट, मात्रेचा मोदक. समोर बसून दोन मिनिटांत काढणारे आहेत. ते बघताना हात जोडावेसे वाटतात, आणि कसब म्हणून ते खरोखर मोठं आहे. वेलांटी आणि उकारांत वळण घ्यायची जी ताकद आहे ती त्यांनी बरोबर हेरली आहे. पण दहा नावांचे दहा गणपती शेजारी लावून बघा. गणपती दहाही ओळखू येतात. नावं शोधावी लागतात. म्हणजे भेट ज्याच्या नावाची, तोच चित्रात हरवला. भक्तीच्या अंगानं हे योग्यच म्हणता येईल, माणसानं देवात विरघळावं. पण मग त्याला त्या माणसाचा गौरव म्हणू नये.

याच्या उलट कमल शेडगे (१९३५-२०२०) आठवतात. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी काढलेली शीर्षकं अर्थाप्रमाणे बदलायची, तरी आधी वाचली जायची. डोळा शब्दावर पोचायचा आणि मग त्याला कळायचं की अरे, या अक्षरानं काहीतरी केलंय. अक्षरचित्र बरं की वाईट हे ठरवताना मी हाच क्रम तपासतो. आधी चित्र दिसलं आणि मग शब्द शोधावा लागला, तर अक्षराला कामाला लावलंय, त्याला बोलू दिलेलं नाही.

नावांनी भरलेलं बदाम तर अक्षराला बोलू देण्याच्या फंदातच पडत नाही. ही कल्पना मुळात इंग्रजी शब्दांसाठीची. तिकडच्या जुन्या बसवर पुढे कापडाची गुंडाळी असायची, एकाखाली एक गावांची नावं, ठळक मोठ्या लिपीत. पुढे त्या गुंडाळ्या लोकांनी घरात टांगल्या, मग त्याच धर्तीवर घरच्यांच्या नावांची पोस्टरं आली. रोमन कॅपिटल अक्षरं विटांसारखी असतात, कशीही रचा, उभी आडवी बसतात. देवनागरी शिरोरेघेला लटकलेली असते. वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. तिला विटेसारखं रचलं की वरच्या नावाचा उकार खालच्याच्या मात्रेत घुसतो. मग डिझाइनर मधलं अंतर वाढवतो, बदाम विरळ पडतो, आणि भोकं बुजवायला बारीक बदाम भरतो. त्यातून सॉफ्टवेअर भारतीय लिपीसाठी नीट लावलेलं नसेल तर 'श्रद्धा'चे पाय मोडून बाहेर येतात. नात्याच्या फ्रेममध्ये पाय मोडलेली श्रद्धा मी स्वतः बघितली आहे, काचेखाली, साखरपुड्याच्या स्टेजवर.

आणि आपल्याकडे बसची पाटी नव्हती का? लाल एसटीच्या कपाळावरची पाटी, दोन टोकांना दोन गावं आणि मध्ये 'मार्गे'. आजीचं माहेर एका टोकाला, सासर दुसऱ्या टोकाला, आणि 'मार्गे'च्या खाली ती जिथं जिथं राबली ती गावं. ऊसतोड, गिरणी, मुंबईतली चाळ. असं प्रिंट मी तरी अजून बघितलेलं नाही. 'मार्गे' या एका शब्दात सातारा जिल्ह्यातल्या किती बायकांचं चरित्र बसेल.

फॉंटचंही एक दुखणं आहे, आणि ते फोनवर वाचणाऱ्यांना लगेच तपासता येईल. मराठीचा 'ल' पाकळ्यांचा आणि 'श' देठाचा. शाळेत आपण तेच गिरवतो. हिंदी वळण वेगळं. बऱ्याच देवनागरी फॉंटांत वरवर हिंदी वळण दिसतं. मराठी वळण आत ठेवलेलं असतं, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय बाहेर येत नाही. घाईत कोण निवडतो? आता शालन, लीला, शकुंतला, शैला ही नावं घ्या. आजीच्या पिढीची नावं 'श' आणि 'ल' यांवरच तर उभी आहेत. बचत गटाच्या रजिस्टरमध्ये, पोस्टाच्या पासबुकात तिनं जी सही केली, ती पाकळीच्या 'ल'नं. फ्रेममध्ये तिच्या नावाला दुसऱ्याच शाळेतलं अक्षर लावलंय. आपल्याला तो फरक दिसत नाही. तिला दिसतो. ती म्हणेल, "छान हाय," आणि बघत राहील.

उपाय महाग नाही. तिची सही घ्या. किराण्याच्या यादीचा कागद, देवाच्या वहीत लिहिलेला रामनामाचा रकाना, मुंबईला पाठवलेलं पोस्टकार्ड. फोननं फोटो काढून मोठं करा. कापणाऱ्या हाताची वेलांटी कुठलाही फॉंट देऊ शकत नाही. आणि मजकूर? 'आई म्हणजे मायेचा सागर' नको. ती रोज काय म्हणते ते घ्या. "जेवलास न्हवं?" एवढं एक वाक्य पांढऱ्या कागदावर, तिच्या अक्षरात. 'न्ह' हे जोडाक्षर सातारा-सांगलीनं जपलंय, आणि दिसायलाही ते देखणं आहे, अर्ध्या 'न'चा हात 'ह'च्या खांद्यावर. प्रमाण मराठीच्या धाकानं प्रिंटवाले ते 'जेवलास ना?' करून टाकतात.

सणांच्या प्रिंटचीही हीच तऱ्हा. साचे पुण्यामुंबईत बनतात, म्हणून दिवाळी, पाडवा, गणपती, आणि बैलांसाठी 'बैलपोळा'. आमच्याकडे पोळा नसतो. आषाढात बेंदूर असतो. बैलाच्या शिंगांना हिंगूळ लागतो, दारात मातीचे बैल येतात, आणि स्टेटसला विदर्भाचा पोळा लागतो. बावधनच्या बगाडाचं अक्षरचित्र कुणी काढलंय का? त्या 'ग'च्या कान्यालाच बगाडाचं शीड करता येईल. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचं? 'ळ' तर तिथं वेटोळं घालून बसलेलाच आहे. (बघा, मीही त्याच खेळात उतरलो. खेळ वाईट नाहीच, फक्त शब्द आपल्या गावचा हवा.)

मोडीचं वेडही हल्ली वाढलंय. नावाची पाटी मोडीत. मोडी लिहिताना आधी पानभर रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला टांगत जायची, ते वळण मोहात पाडणारं आहे खरं. पण घरातल्या एकालाही जी वाचता येत नाही, ती पाटी पाहुण्यांसाठी असते.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते या सगळ्या धंद्यातला तोच अवघड आहे. आजीच्या फ्रेमवर नाव कोणतं घालायचं? आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहितो. सगळे वाकून वाचतात, टाळ्या वाजतात, मग तांदूळ गोळा होतात. कुटुंबातलं सगळ्यात क्षणिक अक्षरचित्र ते, आणि सगळ्यात जास्त टिकलेलं, कारण त्या मिनिटभराच्या अक्षरांनी एका बाईचं वीस वर्षांचं नाव उचलून ठेवून दिलेलं असतं. पुढे भांड्यांवर नवंच नाव, रेशनकार्डावर नवंच, 'कै.'च्या पुढेही नवंच. सावित्रीबाईंचं नायगाव ज्या जिल्ह्यात, तिथल्याच कितीतरी आज्यांनी अंगठा उठवून व्यवहार केले. म्हणजे ते नवं नावही त्यांनी स्वतःच्या हातानं कधी लिहिलं नाही. आता नातू प्रेमानं दीड हजार रुपये भरतो आणि ऑर्डरच्या रकान्यात ते नाव टाइप करतो. त्याला दुसरं माहीतच नसतं.

माझ्या आजीच्या माहेराहून आलेला एक लहान पितळी गडवा आमच्याकडे आहे. त्याच्यावर फक्त दोन अक्षरांचं नाव आहे, मागेपुढे काही नाही, आडनाव नाही, 'सौ.' नाही. घरातल्या कुणालाच ते कुणाचं म्हणून कळत नव्हतं. वडील म्हणायचे, बाजारात बदलून आला असेल. ते नाव आजीचं आहे हे आम्हाला तिच्या भावाकडून समजलं. मामाआजोबा ऐंशीच्या पुढं गेले होते आणि दारातूनच त्यांनी तिला त्या नावानं हाक मारली होती. ती स्वयंपाकघरातून "ओ" म्हणाली. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी आजीचा एखादा भाऊ हयात असेल तर त्याला फोन करा. सकाळी लवकर करा, दुपारी ही माणसं झोपतात.